बेचाळीस गुडघे

झाड दिसल्यावर त्याची सावली, फुलं, फळं यांतलं काहीएक न बघता फक्त फांदीचा कोपरा बघणारा माणूस अख्ख्या कल्याण-डोंबिवलीत एकच होता, आणि ते माझे मोठे साडू होते. फांदी खोडातून जिथे फुटते तो वाकडा सांधा म्हणजे त्यांच्या लेखी झाड. बाकीचं सगळं निसर्गाने उगाच वाढवून ठेवलेलं. याचं कारण असं, की डोंबिवलीतल्या एका रंगाच्या कारखान्यात जन्मभर पाइपांची ड्रॉइंगं काढून निवृत्त झाल्यावर त्यांनी कल्याणच्या आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, ग्रिल लावून बंद केलेल्या गॅलरीत, एक लाकडी गलबत बांधायला घेतलं होतं. दोन हात लांब. लहानपणी आजोळी, कोकणातल्या एका बंदरावर, त्यांनी खरं गलबत बांधताना पाहिलं होतं, ते डोक्यातून कधी गेलंच नाही. एरवी समुद्राशी त्यांचा संबंध एवढाच, की एकदा आम्ही सगळे लाँचने अलिबागला निघालो तेव्हा लाँच धक्क्याला बांधलेली असतानाच त्यांना उलटी झाली होती.

गलबताच्या दोन्ही बाजूंच्या बरगड्यांना आडव्या तुळया जोडतात आणि त्यांच्यावर डेकच्या फळ्या बसतात, हे मला त्यांच्यामुळे कळलं. तुळईचं टोक जिथे बरगडीला टेकतं, त्या कोपऱ्यात खालून एक वाकडा तुकडा बसवतात. भिंतीवरच्या फळीला खालून ब्रॅकेट असतो, तसा. त्याला गुडघा म्हणतात. त्यांच्या गलबताला तुळया एकवीस, म्हणजे गुडघे बेचाळीस, प्रत्येक बोटाच्या पेराएवढा. तुमच्या-माझ्यासारख्याने पट्टीतून बेचाळीस कोन कापले असते आणि चिकटवून मोकळा झाला असता. साडूंना ते चालत नसे. लाकडाच्या शिराच मुळात वळलेल्या हव्यात, कापून वळवलेला गुडघा लाटेत मोडतो, असं ते म्हणत. "कुठली लाट?" मी एकदा विचारलं. "गलबत गॅलरीत आहे." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "म्हणून काय झालं?"

या शिरांपायी त्यांनी आम्हाला ठिकठिकाणी तोंड लपवायला लावलं. टिटवाळ्याला गणपतीच्या दर्शनाला सगळं कुटुंब गेलो होतो, रांगेत साडू नाहीत. शोधत गेलो तर एका बंगल्याच्या फाटकाशी वॉचमनला समजावत होते, "फांदी नको हो मला, फांदीच्या काखेतलं लाकूड हवंय. एवढंसंच." वॉचमन चार पावलं मागे सरकला होता. "काका, करणीबिरणी करायची असंल तर दुसरीकडं जा," तो म्हणाला. माझ्या मुलीच्या लग्नात वरमाय पायऱ्या चढत असताना हे मांडवाच्या खांबाला बांधलेल्या आंब्याच्या डहाळ्या एकेक वाकवून बघत होते. पालिकेची झाडं छाटणारी गाडी त्यांच्या रस्त्यावर आली की तिच्यामागून चपला फटफटवत निघत आणि दोन्ही खिसे भरून परत येत. पेरू सगळ्यात चांगला, चिंच चिवट पण हट्टी, चिकूचा भरवसा नाही. माणसांबद्दल मी त्यांना इतक्या ठामपणे बोलताना कधी ऐकलं नाही.

आणि एवढं करून आणलेला तुकडा लगेच बसेल तर शपथ. गुडघ्याला काजळ फासायचं, जागेवर दाबून धरायचा, काढायचा, काजळ कुठे पुसलं गेलं ते भिंगातून बघायचं, तेवढाच कानशीने घासायचा, पुन्हा काजळ. असं दिवसातून चाळीस-पन्नास वेळा. एका गुडघ्याला एक आठवडा. काजळ अर्थातच ताईंचं, म्हणजे माझ्या मोठ्या मेव्हणीचं. "ताईच्या डोळ्यांत काजळ नाही आणि भाऊजींच्या नाकाला बघा!" माझी बायको म्हणायची. ताईंचे स्वतःचे गुडघे दुखायचे. "जरा माझ्याकडेही बघा म्हटलं," त्या सांगत, "तर हे म्हणतात, तुझे दोनच आहेत, माझे बेचाळीस." हे सांगताना त्या हसत, पण गॅलरीतल्या स्टुलावर उशी त्यांनीच शिवून घातली होती.

मी मधूनमधून रविवारी ठाण्याहून जायचो, चहा प्यायचो आणि थट्टा करायचो. ते मला साडूभाऊ म्हणत. "साडूभाऊ, चिकटवलेलं आणि बसलेलं यांत फरक असतो," एवढंच त्यांचं उत्तर. एकदा त्यांनी उजव्या बाजूचा एक गुडघा गोंदाशिवाय नुसता बसवून दाखवला आणि गलबत माझ्या हातात देऊन उलटं करायला लावलं. गुडघा पडला नाही. माझ्या तोंडून "अरे वा" निघालं, तेव्हा ते इतके लाजले की उठून चहाचे कप विसळायला गेले.

इथवरच मी थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मी ठाण्यात आमच्या वाचनालयाचा कार्यवाह, आणि वर्धापनदिनाला छंदांचं प्रदर्शन भरवायची कल्पना माझीच. मी साडूंना न विचारताच पत्रिकेत 'कोकणी गलबताची प्रतिकृती' छापून टाकलं. त्यांना कळवलं तेव्हा उजवी बाजू पुरी झाली होती, डावीकडचे पाचच गुडघे बसले होते. हातात एक महिना. "सोळा राहिलेत," ते फोनवर म्हणाले.

"मग राहू द्या की. फळ्या टाकल्यावर कुणाला दिसणार आहेत?"

पलीकडून कानस घासल्याचा आवाज येऊ लागला.

"पत्रिका छापली आहे," मी म्हणालो. "माझी लाज राखा."

"बरं," ते म्हणाले.

प्रदर्शनाच्या दिवशी त्यांनी टेम्पो केला आणि गलबत मांडीवर घेऊन मागे हौद्यात बसून आले. शीळफाट्याला दीड तास अडकले. उतरल्यावर म्हणाले, "छान झालं. गाडी हलली नाही की गलबतही हलत नाही." शीळफाट्याच्या ट्रॅफिकला छान म्हणणारा माणूस मी तेवढाच पाहिला. डेक बंद झाला होता, वर तेल लावलेल्या फळ्या चमकत होत्या, शिडं लागली होती. भरतकाम आणि काडेपेट्यांच्या संग्रहांमध्ये ते गलबत असं उठून दिसलं की लोक हलेनात. बायका मुलांना पुढे उभं करून फोटो काढत होत्या. साडू कोपऱ्यात इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते आणि प्रत्येकाला मान लववून नमस्कार करत होते. मी इतका खूश होतो की तीनदा ध्वनिक्षेपकावरून त्यांचं नाव घेतलं.

पाहुणे म्हणून एक निवृत्त कप्तान बोलावले होते. उभा जन्म जहाजांवर काढलेले. ते गलबताभोवती दोनदा फिरले, वाकले, डेकच्या फळीवर हलकेच बोट फिरवलं आणि साडूंना विचारलं, "आतले गुडघे? सगळे बसवलेत?"

त्या सभागृहात हा प्रश्न विचारू शकणारा तो एकच माणूस होता. साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हो. सगळे."

कप्तानांनी त्यांचा हात हातात घेऊन दाबला. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

परतताना ते पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. गलबत मागे चादरीत गुंडाळून एकटं ठेवलेलं होतं. मी ते पाहिलं आणि टेम्पोला निरोपाचा हात केला.

त्यानंतर साडू सुधारले. गलबत कपाटावर गेलं, कानशी-पटाशी जुन्या धोतरात बांधून माळ्यावर गेल्या. ते भाजी आणायला जाऊ लागले, टीव्हीवर बातम्या बघू लागले, लग्नाकार्यात चारचौघांसारखे खुर्चीवर बसू लागले. वाटेतल्या झाडाखालून सरळ निघून जाऊ लागले. "सगळे म्हणतात, माणसात आले," ताई मला म्हणाल्या, "पण मला घरात करमत नाही हो." मला कळत होतं. पण मी विषय काढला नाही. पुढल्या रविवारी काढू, असं म्हणत दोन वर्षं घालवली. तेवढ्यात त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हे वाढतच जाईल असं सांगितलं. चहाचा कप ताई अर्धाच भरून देऊ लागल्या.

शेवटी एका सकाळी मी गेलो आणि बसल्या बसल्या बोलून टाकलं. म्हणालो, "ती घाई मी केली. तुमचं गलबत मी बिघडवलं." त्यांनी चहाचा अर्धा कप दोन्ही हातांनी खाली ठेवला. मग म्हणाले, "कप्तानाला हो मी म्हणालो, साडूभाऊ. तुम्ही नव्हे." आणि पुढे म्हणाले, "नाही म्हणता आलं असतं. पण लोक इतके जमले होते... मलाही बरं वाटत होतं."

मी म्हणालो, "डेक उघडू या. मी करतो, तुम्ही सांगा." ते हसले. फळ्या लाकडी खिळ्यांनी ठोकलेल्या. उपटल्या तर खालच्या तुळयाही फुटतील, म्हणाले. "पण तुम्हाला गुडघा करायला शिकवतो. बसा." ताईंनी न सांगताच माळ्यावरून ते बोचकं काढून आणलं.

सहा रविवार लागले. पेरूचा एकच तुकडा. शिरा बघायला त्यांनी माझं बोट धरून लाकडावरून फिरवलं. त्यांचा हात थरथरत होता म्हणून माझंही बोट थरथरत होतं. बसवून बघायला त्यांनी बरगडी आणि तुळईचा एक सुटा कोपरा पुठ्ठ्यावर मला ठोकायला लावला. मी दर वेळी जास्त घासत होतो. "अहो, रागावलाय का त्याच्यावर?" ते म्हणत. माझ्या नाकाला काजळ लागलं तेव्हा ताई पदर तोंडाला लावून आत गेल्या. सहाव्या रविवारी मी गुडघा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला नाही, नुसता अंगठा फिरवला. "बसेल," ते म्हणाले.

"कुठे?" मी विचारलं, आणि विचारल्यावर जीभ चावली.

त्यांनी कपाटावर पाहिलं आणि मग माझ्याकडे. "तुमच्याकडेच असू दे," म्हणाले.

त्या वर्षी दिवाळीच्या आधीच ते गेले. गलबत आता त्यांच्या मुलीकडे आहे, काचेच्या पेटीत, येणारेजाणारे वाखाणतात. तो गुडघा माझ्या टेबलाच्या खणात असतो. चाव्या शोधताना कधी हाताला लागतो. परवा नातीने तो उचलून विचारलं, "आजोबा, हे काय?" मी म्हणालो, "गुडघा." ती खुदकन हसली आणि तो परत खणात टाकून पळाली. मी तो पुन्हा बाहेर काढला आणि त्याच्यावरून अंगठा फिरवला.