बाबांचं बालपण

बाबा जन्मले तेव्हा आत्या सहा वर्षांची होती. त्याच दिवशी घरच्यांनी तिला ‘मोठी’ करून टाकलं आणि कडेवर भाऊ दिला. तो तिने अजून खाली ठेवलेला नाही. बाबांची साठी उलटली, डोक्यावर औषधाला केस उरला नाही, तरी घरात ते ‘बाळ’च. आत्या दिवसभर शाळेचे गणवेश शिवते आणि संध्याकाळी बाळाला संत्रं सोलून देते, तेही बिया काढून.

हे बाळ कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचं. आता निवृत्त होऊन भाषणं देत फिरतं. परवा घरात तालीम चालली होती. “बालपण निसर्ग देत नाही. ते कोणाला किती द्यायचं, हे समाज ठरवतो,” बाबा आरशाला ठणकावून सांगत होते. मग त्यांना एखादं घरगुती उदाहरण हवंसं वाटलं. फोड तोंडात टाकत त्यांनी विचारलं, “ताई, तुझं बालपण कसं होतं गं?”

“ते तुझ्याकडेच आहे की अजून,” आत्या बी काढत म्हणाली. “वापरून झालं की दे.”

“वा, हे भाषणात घेतो,” म्हणत बाबांनी पुढच्या फोडीसाठी हात पुढे केला.