आडाने मला बोलू दिलं

काल स्वारगेटजवळच्या दुकानात आलेपाकाचा तिखट-गोड वास आला आणि मला टोरंटोची आडा आठवली. तिथल्या एका गुंतवणूक कंपनीत मी इंटर्नशिप करत होते. आडा मूळची नायजेरियाची, माझी वरिष्ठ. तिच्या खिशात कायम आल्याच्या गोळ्या असायच्या.

एकदा मी एका मोठ्या ग्राहकासमोर माझा अहवाल मांडत होते. थोडंसं ऐकून तो आडाकडे वळला. “हिचे उच्चार मला कळत नाहीत. तुम्हीच सांगा.”

आडाने एक गोळी माझ्यापुढे सरकवली आणि शांतपणे म्हणाली, “अभ्यास रुबीनाचा आहे, तीच सांगेल. कळलं नाही तर पुन्हा विचारा.”

मी पहिल्यापासून सुरुवात केली आणि शेवटपर्यंत बोलले.

तेव्हा वाटलं, तिने मला धीर दिला, इतकंच. आता पुण्यात मीही नाराज ग्राहक सांभाळते, म्हणून त्या वाक्याचं वजन कळतं. तो ग्राहक लवकरच दुसऱ्या कंपनीकडे गेला होता. हे मला बऱ्याच वर्षांनी एका सहकाऱ्याकडून समजलं. आडा मात्र माझ्या निरोपाच्या दिवशीही एवढंच म्हणाली होती, “त्या दिवशी तू छान बोललीस.”