उजव्या खांद्यावरचा पट्टा

भानू,

तुला आता पोस्टानं लिहिण्यात अर्थ नाही, म्हणून सरळ बोलते.

छावणीतल्या आपल्या शाळेत तू शिवण शिकवायचीस, मी इंग्रजी. पोलीस अ‍ॅक्शन होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मोठ्या बाई स्कॉटलंडच्या. सिकंदराबादच्या स्पर्धेसाठी त्यांनी मुलींचा तिकडचा डोंगरी नाच बसवला आणि पोशाख निवडायचं काम तुझ्यावर टाकलं. गुलमंडीचा बाजार पालथा घालून तू लाल-हिरव्या चौकड्यांचं जाड कापड आणलंस. घागऱ्याच्या निऱ्या मागं घ्यायच्या हे ऐकून म्हणालीस, "या बायका उलट्या चालतात का गं?"

अडलं ते पट्ट्यापाशी. मोठ्या बाईंनी दिलेल्या चित्रात त्याच कापडाचा पट्टा उजव्या खांद्यावरून कमरेला उतरला होता. तू भटजींची लेक. जानवं एरवी डाव्या खांद्यावर. उजव्यावर घेतात ते श्राद्धाला, मेलेल्यांना पाणी द्यायला. आणि नाचात तुझी लेकही होती.

"माझी कालिंदी उजव्या खांद्यावर घेणार नाही."

"मुलींना कुठलं आलंय जानवं?"

"बी.ए. बाई, तुम्ही इंग्रजी शिकवा."

तुझे मधुसूदनराव रझाकारांच्या धामधुमीत जालन्याला म्हणून गेले ते परतलेच नव्हते. ना प्रेत, ना निरोप. तू कुंकू लावत होतीस, कुणाला श्राद्धाचं नाव काढू देत नव्हतीस. लेकीच्या उजव्या खांद्यावर पट्टा म्हणजे ते गेले, हे तू कबूल केल्यासारखं.

रंगीत तालीम भर दुपारी, पटांगणात. कालिंदीचा पट्टा डाव्या खांद्यावर मी स्वतः टाचला, पिन दाबून पाहिली. पोरी एकदा गोल फिरल्या. कालिंदी समोर आली तेव्हा पट्टा उजव्या खांद्यावर होता. पिन बंद. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. दिसलं ते सांगते.

"कुणी बदलला?" तू विचारलंस.

"बाबांनी. हात लई गार होते."

तू पिन काढलीस, पट्टा पुन्हा डावीकडं घेतलास. "त्यांना म्हणावं, बोलायचं तर घरी या."

सिकंदराबादला तिच्या एकटीचाच पट्टा डावीकडं, म्हणून पोशाखाचे गुण कापले गेले, मोठ्या बाई धुमसल्या. तुला त्याचं काही नव्हतं. तू रोज रात्री दाराशी त्यांना पाय धुवायला तांब्या भरून ठेवू लागलीस. सकाळी तो रिकामा.

"मांजर असेल," मी म्हणायचे.

"मांजर तांब्या पालथा घालून ठेवतं व्हय?"

मग एका अमावास्येला तूच म्हणालीस, "पैठणला चल. पट्टा गोदावरीत सोडू, त्यांना पाणी देऊ." स्टँडवर गेलो, गाडी लागली, आणि पायरीवर पाय ठेवून तू थबकलीस. "ते आले आणि दाराला कुलूप दिसलं तर?" पुढच्या अमावास्येला जाऊ म्हणालीस. त्यापुढच्याही वेळी तेच.

तू कुंकवासकट गेलीस. पट्टा कालिंदीनं माझ्याकडं आणून दिला. "मावशी, घरात नको."

पिन अजून त्यातच आहे. पैठण काही लांब नाही, तरी माझंही जाणं झालेलं नाही. गाड्याही आता तासातासाला सुटतात.