चुकीच्या हातात पडलेली भाकरी

माझ्या आजोबांनी एकदा दुसऱ्याचं जेवण खाल्लं. चांगलं कळत असताना.

ते जेवण आणणाऱ्या भागूआजी आज सकाळी भवानी पेठेतल्या घरी वारल्या. शंभरी ओलांडून. नात्यानं आमच्या कुणीच नव्हत्या.

गोष्ट १९३०च्या दशकाच्या शेवटाची.

करकंबहून लग्न होऊन आलेल्या भागूआजी तेव्हा चौदा वर्षांच्या. सासरे सोलापूरच्या कापड मिलमध्ये मागावर कामाला. दुपारच्या सुट्टीचा भोंगा झाला की गेटवर बायका फडक्यात भाकरी बांधून उभ्या असायच्या.

त्या दिवशी सासू तापानं पडलेली, म्हणून नव्या सुनेला पाठवलं.

आता प्रॉब्लेम असा, की सासऱ्यांसमोर मान वर करायची नाही ही घरची शिस्त. त्यांचा चेहरा आजींनी कधी धड पाहिलाच नव्हता. फक्त पाय ओळखीचे.

गेटवर तसेच पाय समोर आले. आजींनी भाकरी पुढे केली.

ते पाय त्याच मिलमधल्या माझ्या आजोबांचे निघाले.

त्यांची बायको महिन्यापूर्वी बाळंतपणात गेली होती. तान्हं बाळ, म्हणजे माझे बाबा, गावी. दुपारी सगळे जेवायला बसले की आजोबा पाणी पिऊन लांब फिरायचे. नोकरी सोडून गावी जायचं त्यांनी ठरवलंच होतं.

त्यांनी भाकरी घेतली, शेंगाची चटणी बोटानं पुसून खाल्ली.

सासरे संध्याकाळपर्यंत उपाशी. घरी आल्यावर त्यांनी विचारलं, तर सून म्हणते, तुम्हालाच दिली. आता आपल्याला माहेरी धाडणार, असं आजींनी धरूनच ठेवलं होतं.

तेवढ्यात आजोबा घर विचारत विचारत, धुतलेलं फडकं घेऊन दारात.

"मामा, भाकरी माजी न्हवं, हे ठावं व्हतं मला. पर पोरीनं पुढं केली, आन न्हाय म्हणवलं न्हाय."

सासऱ्यांनी फडकं हातात घेतलं. मग सुनेला म्हणाले,

"उद्यापास्नं दोन फडकी बांध. आन पोरी, मान वर करून बघत जा की, कुणाला देतीस ते."

हे सांगताना आजींचे डोळे दर वेळी भरायचे. पहिल्या नाही, दुसऱ्या वाक्याला.

आजोबा सोलापुरातच राहिले. बाबांना आणलं, शिकवलं. दुसरं फडकं कित्येक वर्षं चालू होतं.

आज दुपारी दोनला घरून अंत्ययात्रा निघेल. सुतकाच्या घरी कसं खाऊन जायचं, असं मनात आणू नका. आजींनी स्वतः बजावून ठेवलंय, मला पोचवायला येणाऱ्यांनी उपाशी यायचं नाही.

जेवून या.

आजी, पोटभर आभार. नमस्कार.