मध्यंतराच्या आधी आणलेले वडे

पडद्यावर नायिका अजून जिना चढत होती आणि आमचे हे खुर्चीतून उठले. "वडे आणतो. नंतर रांग लागते," म्हणाले. ते दारापर्यंत पोचतात तोच दिवे लागले. मध्यंतर.

म्हणजे हा सिनेमा यांनी आधी पाहिलाय. लग्न झाल्यापासून आम्ही प्रत्येक सिनेमा जोडीनं पाहिला. मग हा कोणाबरोबर? वडा गरम होता, चटणी झणझणीत होती, पण घास तोंडात नुसता फिरत राहिला. एकदा शंका आली की जोडीदाराचं हसणंही तपासावंसं वाटतं. प्रत्येक विनोदाला हे क्षणभर आधीच हसले होते, ते मला आत्ता आठवलं.

मध्यंतरानंतर पडद्यावर हसतखेळत चाललेलं असतानाच यांनी माझ्या हातात रुमाल ठेवला. दोन मिनिटांत नायिकेची आई गेली आणि मला रडू फुटलं. वळून पाहिलं तर पडदा सोडून हे माझ्याकडेच बघत होते. पाहिलेल्या सिनेमात माणूस दुसरं काय बघणार?

डोळे पुसण्याआधी मी अंधारात रुमाल हुंगून पाहिला. वड्याचा वास होता. फक्त वड्याचाच.