दुसरा एल

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडावंदन असतं आणि दुपारी सत्यनारायण. त्या दिवशी गेटच्या आतली रांगोळी अकरा वर्षं माझी आहे. माझी म्हणजे माझीच. पहाटे पाचला खाली उतरून गेरू फासायचा, मधोमध मोर काढून झेंड्याच्या आधी संपवायचं, आणि शेवटी खाली मोठ्या इंग्रजी अक्षरांत वेलकम लिहायचं. अर्धी सोसायटी गुजराती, दोन घरं तमिळ, त्यामुळे इंग्रजी सगळ्यांना चालतं. वर्षभर मी दुसऱ्या मजल्यावरची एक बाई असते, जिच्याशी लोक पाण्याच्या वेळेबद्दल बोलतात. त्या एका सकाळी मात्र येणारा-जाणारा थांबतो, वळसा घालून जातो, फोटो काढतो. मला ते हवं असतं. खोटं कशाला बोलू?

दीड वर्षापूर्वी चौथ्या मजल्यावर सून आली. वांद्र्याची, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. मी भांडुपच्या म्युनिसिपालिटीच्या शाळेतली. आमचं इंग्रजी पाचवीत सुरू झालं, तेही पाढ्यांसारखं घोकून. तिला मी पहिल्यांदा ऐकलं ते लिफ्टमध्ये. फोनवर इंग्रजीत कुणाला तरी झापत होती, आणि तो तिचा साहेब होता! मला बँकेत 'जरा थांबा' एवढं इंग्रजीत म्हणायचं तरी आधी मनातल्या मनात वाक्य लावून बघावं लागतं. तेव्हापासून ती दिसली की माझ्या पोटात दुखायचं. तिनं माझं काही वाकडं केलं नव्हतं, म्हणून तर जास्तच.

गेल्या वर्षी रांगोळीच्या पहाटे ती ट्रॅक पँटवर खाली आली. "काकू, मी रंग भरू का?" नाही म्हणायला कारण सापडेना. शिकवायच्या तयारीनं मी तिच्या शेजारी बसले, पण तिच्या चिमटीतून रेघ अशी सुटत होती की शिकवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तिची आई शाळेत चित्रकला शिकवायची म्हणे. म्हणजे तेही होतंच हिच्याकडे.

मी वेलकम लिहिलं. ती अक्षरांकडे बघत राहिली. आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळूच म्हणाली, "काकू, यात एल एकच असतो ना."

"वेलला दोन असतात. पाठ आहे माझं."

"वेलला दोनच. पण वेलकमला एक."

"तुमच्या शाळेत असेल एक."

मी डबा उचलला आणि आंघोळीला म्हणून वर आले. दार लावून आधी मोबाइलवर तो शब्द टाकला, तर खाली लाल रेघ. एक एल काढला, रेघ गेली. परत घातला, परत आली. असा संताप आला म्हणून सांगू! वेलला दोन एल, मग कम जोडल्याबरोबर एक कुणी खाल्ला? आपल्याकडे जोडताना अक्षर फार तर अर्धं होतं, पण असतं तरी. बरं, हा काही अवघड शब्द नव्हे. प्रत्येक पायपुसण्यावर छापलेला असतो, आमच्या दारातल्यासुद्धा. मी दार उघडून बघितलं. एकच होता. त्याच्यावर मी रोज पाय पुसत होते.

डोक्यावरून दोन तांबे ओतून घेतले आणि ओले केस तसेच बांधून खाली धावले. लोक जमायच्या आत तो एल पुसायचा होता. पण तिथं तो नव्हताच. त्या उभ्या रेघेची तिनं समई केली होती. वर पाच वाती, खाली रुंद बैठक, दोन्हीकडे दोन फुलं. मुद्दाम काढल्यासारखी शब्दाच्या मधोमध उभी होती. शब्द बरोबर झाला होता, आणि सगळ्या रांगोळीत सगळ्यात सुंदर तीच समई होती.

झेंडावंदनाला आलेली माणसं वाकून वाकून बघायला लागली. सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, यंदा समई एकदम झकास!"

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "काकूंचीच आयडिया."

आणि मी म्हणाले, "हो, म्हटलं दरवर्षी तेच तेच काय."

त्या दिवशी प्रसादाचा शिरा मला गोड लागला नाही. रेघ चांगली, इंग्रजी चांगलं, आणि वर स्वभावही चांगला. एका माणसाला देवानं किती द्यावं याला काही हिशेब? तिनं चारचौघांत माझी चूक दाखवली असती तर मला तिचा मनसोक्त राग करता आला असता. तेवढंही तिनं ठेवलं नाही.

यंदा जानेवारी लागल्याबरोबर सेक्रेटरींनी ग्रुपवर जुने फोटो टाकले. दरवर्षीची रांगोळी, एकाखाली एक. मी चष्मा लावून मोठे करून पाहिले. गेल्या वर्षीचा सोडला तर प्रत्येकात दोन एल, ठळक, पांढरेशुभ्र. तशीच उठून त्यांच्या दारात गेले.

"हे तुम्हाला कधी दिसलं नाही?"

ते ओशाळून हसले. "दिसलं की. सगळ्यांनाच माहीत होतं, वहिनी. पण तुम्हाला सांगणार कोण? आणि तुम्ही एवढ्या हौसेनं काढता..."

म्हणजे दरवर्षी माणसं माझ्याभोवती उभी राहून "वा, वहिनी!" म्हणत होती, ती तो एल बघून, गिळून म्हणत होती. मग रांगोळीचं काय? तिच्यातलंही काही बघून गिळत होती का? जिन्यात उभी राहून मी एकेकाचा चेहरा आठवला. विचारावं असा एकही चेहरा सापडेना. साऱ्या इमारतीत मला तोंडावर खरं सांगणारं माणूस एकच होतं, आणि नेमकं तेच मला डोळ्यांसमोर नको होतं.

लिफ्टची वाट न बघता चौथा मजला चढले. तिनं दार उघडलं. हाताला कणीक होती.

"आत या ना, काकू."

"आत नाही येत. एक सांग. एल जाऊ दे. बाकीची रांगोळी कशी असते माझी? खरं सांग."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग हाताच्या कणकेकडे. "रंग कुणाला जमणार नाहीत असे भरता," ती म्हणाली. "पण मोराची मान जाड होते, काकू. सगळ्या फोटोंत."

काल आलेली पोर मला मोर शिकवणार! ओठांवर येऊन थांबलेलं ते वाक्य मी कसंबसं परतवलं. दोन पायऱ्या उतरले, कठडा धरला आणि पाठमोरीच विचारलं, "किती जाड?"