फळा पुसण्याआधी

आमचं नवरा-बायकोचं शेवटचं रोजचं काम म्हणजे कोथरूडच्या एका क्लासचा फळा. तोही शेवटी तिनं एकटीनं पुसला.

मी उंच, म्हणून वरचं माझं. ती बुटकी, खालचं तिचं. पण ओलं फडकं लावायच्या आधी ती म्हणायची, "अहो, थांबा." आणि पहिल्या बाकावर बसून वही उघडायची.

सर आदल्या संध्याकाळी फळ्यावर इंग्रजी शब्द लिहून जायचे. पुढं मराठी अर्थ. टी, आय, ओ, एन. ही चार अक्षरं शेवटी आली की 'शन' म्हणायचं, हे तिनं पॅसेज पुसताना दाराआडून ऐकलेलं. ती सातवी शिकलेली. मी चौथीतून सुटलो. ते 'शन' ऐकल्यापासून तिला नादच लागला. येरवड्याहून येताना बसमधून पाट्या बघायची. ती चार अक्षरं दिसली की मला कोपर मारायची. "ते बघा, स्टेशन."

शब्द ती फळ्यावरचा उतरवायची, खाली मराठीत उच्चार. अर्थ मात्र स्वतःचा लिहायची. फळ्यावरचा अर्धाच असतो, म्हणायची.

त्या दिवशी सर लवकर आले. सातच्या बॅचची पोरं त्यांच्या मागोमाग. फळा भरलेला आणि ही बाकावर.

"वा!" सर म्हणाले. "आजी, आपल्याला फळा पुसायला ठेवलंय. पीएचडी करायची तर अर्ज वेगळा द्यावा लागतो."

पोरं हसली. ही उठेपर्यंत सरांनी हाताखालून वही ओढली. अर्धं लिहून झालेलं. मोठ्यानं वाचायला लागले, शिकवतात त्याच आवाजात.

"रेशन. अंगठा उमटला तर मिळतं ते."

हशा.

"व्हेकेशन. सुट्टी. मालकांची."

हशा.

"फंक्शन. जिथं आपण मागच्या दारानं जातो ते. ऑपरेशन. पुढच्या महिन्यात या, म्हणतात ते."

ती उभी. हातातलं फडकं पायावर गळत होतं. सर माझ्याकडं वळले. "काय हो बाबा, घरी डिक्शनरी तयार होतेय आणि आम्ही उगाच पुस्तकं घेत बसलोय!"

मी हसलो.

कुणी धरून हसवलं नाही मला. मान खाली घालून, दात दाखवून हसलो. जन्मभर हमाली केली, मग शिपायाची कामं. वरचा हसला की आपण हसायचं. ओझ्यानं पाठीला बाक येतो, तसं तोंडालाही वळण पडतं.

सरांनी वही टेबलावर टाकली. "चला, फळा." तिनं पुसला. वरचंही, स्टुलावर चढून. मला फडकं लावू दिलं नाही. वही तिनं मागितली नाही. मीही नाही.

परतताना बसमधून स्टेशनची पाटी दिसली. कोपर बसलं नाही. येरवड्याला उतरताना म्हणाली, "तुम्ही का हसलात?"

"सर हसले म्हणून."

"बरं."

हेच शेवटचं बोलणं. दुपारी तिनं भात टाकला, भिंतीला टेकून बसली, तशीच गेली. भात करपल्याचा वास आला म्हणून मी बाहेरून आत आलो. डॉक्टर म्हणाला, हृदय. हसण्यानं माणूस मरत नाही, एवढं मला कळतं. पण जाताना तिच्यापाशी माझं तेवढंच होतं. ते हसणं.

संध्याकाळी बुद्धवंदना झाली, अग्नी दिला. मेहुणी म्हणाली, "भाऊजी, उद्या घरातून हलू नका. माणसं येतील."

मी पहिल्या बसनं निघालो. क्लासची किल्ली माझ्याकडं होती आणि वही तिथं.

टेबलावर नव्हती. ड्रॉवरमध्ये नव्हती. कपाटावर नव्हती. मग डबा दिसला. कचरा रोज सकाळी मीच ओततो. पालथा केला. चहाचे कागदी कप, केळीच्या साली, आणि वही.

शेवटचं पान चहानं भिजलेलं. शेवटचा शब्द, रिलेशन. पुढं कोरं. तिथंच सरांनी वही ओढली होती. मी टेबलावरचं पेन घेतलं आणि लिहिलं : नातं. ज्यात मी हसलो ते.

फळ्यावर नवे शब्द होते. पहिल्या बाकावर बसलो, तिच्या जागी. इंग्रजी अक्षर मला येत नाही. चित्र काढतात तशी एकेक काढायला लागलो.

सर आले. मागं पोरं.

"अहो बाबा, फळा तसाच? आणि आजी कुठायत?"

"काल गेली."

"अरेरे! मग यायचं कशाला? सुट्टी दिली असती की."

"व्हेकेशन," मी म्हणालो.

सर ओशाळं हसले. माझ्याकडं बघत थांबले, मीही हसावं म्हणून. सगळी पोरं माझ्या तोंडाकडं बघत होती.

मी नाही हसलो. आता कुणापुढंही हसणार नाही.

उठलो. काल जिथं वही टाकली होती तिथं किल्ली ठेवली. म्हणालो, "यापुढं फळा तुमचा तुम्ही पुसा. पण आज, माझं उतरवून झाल्यावर."

आणि परत बाकावर बसलो. अजून पाच शब्द उरले होते.